कोनी राह्यलं का?

वलगावात तान्हा पोळा जवळ आल्याचं बैलांवरून कळत नाही, शिटीवरून कळतं. श्रावण उतरणीला लागला, पऱ्हाटीवर पात्या-फुलं दिसायला लागली, की एका संध्याकाळी आमच्या गल्लीत लांबलचक शिटी वाजते. ओट्यापाशी, नळापाशी, टीव्हीपाशी असलेल्या सगळ्या बाया मग एकच वाक्य बोलतात, "घ्या माय, सुरू झाले काकाजी."

हे काकाजी तुमच्याही गावात असणार. कुठं ते मास्तर असतील, कुठं आत्याबाई, कुठं सोसायटीचे सेक्रेटरी. लग्नाला निघालेल्या ट्रॅव्हल्समध्ये प्रत्येक चहापाण्यानंतर डोकी मोजणारा माणूस हाच. कुणी वाढपी म्हणून नेमलेलं नसताना पंगतीतल्या शेवटच्या पोराच्या पानावर जिलबी पडली की नाही, हे वाकून पाहणारा हाच. पोरं खेळत असली की आपल्याला खेळ दिसतो, ह्याला विहिरीचा कठडा दिसतो. जत्रेत आपण पाळणा पाहतो, हा पाळण्याचे नटबोल्ट पाहतो. अशा माणसाबरोबर आपण सहलीला जाऊ नये. पण आपलं लेकरू एकटं सहलीला निघालं असेल, तर त्या गाडीत हा असावा.

आमचे काकाजी एसटीतले कंडक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मोजायची सवय निवृत्त झाली नाही. अमरावती-परतवाडा हा त्यांचा जन्माचा रूट, आणि वलगाव त्याच रस्त्यावर, त्यामुळं ते नोकरीभर दिवसातून चारदा स्वतःच्या घरासमोरून हात हलवत गेले. गाडी सुटायच्या आधी ते दारात उभे राहत आणि खाली फलाटाकडं पाहून ओरडत, "कोनी राह्यलं का?" कुणी म्हातारी पाण्याची बाटली भरायला गेलेली असे, कुणाचं पोर केळीवाल्यापाशी अडलेलं असे. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसे. सगळे आत आल्याशिवाय काकाजींच्या हातून डबल बेल काही निघत नसे. आजही ते घरातून बाहेर पडताना कुलूप लावायच्या आधी तोच प्रश्न विचारतात. घरात ते आणि काकू दोघंच राहतात, आणि काकू त्यांच्या शेजारी पिशवी घेऊन उभ्या असतात.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी इथं थोडं थांबायला हवं. बैलपोळा अमावास्येला, तो मोठ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या प्रतिपदेला, आमच्या विदर्भात पोरांचा पोळा असतो. चाकांवरचा लाकडी नंदी, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. पोरं कुणी शेतकरी होतात, कुणी शिवाजी महाराज, कुणी झाशीची राणी, हल्ली एखादा स्पायडरमॅनही असतो. नंदीची दोरी धरून ही सगळी फौज दारोदार फिरते. घरची बाई नंदीला कुंकू लावते आणि नंदीवाल्याच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे कुठं नाणं, कुठं चॉकलेट, कुठं बिस्किटाचा पुडा. नागपूरकर सांगतात की दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 साली ही चाल पाडली. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेला तर एवढे मोठे नंदी निघतात की पोरगं त्याच्या पोटाखालून जाईल. काकाजींना हा इतिहास सांगितला की ते म्हणतात, "राजानं सुरू केलं, चांगलं केलं. पन पोट्टे किती गेले आन किती वापस आले, हे कुठी लिवलं हाये का?"

काकाजींनी ते लिहायला सुरुवात केली. एक लांबट वही आहे, तिला ते 'वेबिल' म्हणतात. त्यात रकाने आहेत. पोराचं नाव, नंदी स्वतःचा की मागून आणलेला, सोबत मोठं माणूस कोण, आणि शेवटचा रकाना 'सांभाळून'. या शेवटच्या रकान्यात सगळ्या गल्लीची गुपितं आहेत. कोण कुत्र्याला भितो, कोणाला गोड चालत नाही, कोण दोन घरं झाली की रडायला लागतो, कोण दुसऱ्याच्या पिशवीत हात घालतो. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांपुढं 'फुकट' लिहिलेलं असतं. एसटीत त्यांना तिकीट नाही, म्हणून. त्यापुढच्यांना 'हाफ'. बारा वर्षांवरच्या घोड्याला नंदी ओढायचा असेल तर तो 'फुल', आणि फुल तिकिटवाल्यानं दोन हाफवाल्यांचा हात धरून चालायचं, हा नियम.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मारोतीच्या पारावर नंद्यांची तपासणी होते. काकाजी चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक नंदी उलटा करतात. खिळा वर आलेला आहे का, चाक हलतं का, वार्निश वाळलं का. दोरी मोजतात. दोरी लांब असली की मागच्या पोराच्या पायात येते, म्हणून ती पोराच्या छातीपासून नंदीच्या नाकापर्यंतच. सायकल दुरुस्तीवाल्या चाचांच्या नातवाच्या नंदीला आजोबांनी सायकलच्या बेअरिंगची चाकं लावली. उतारावर सोडला की तो नंदी पोराला ओढत नेई. काकाजींनी चाचांना बोलावून घेतलं आणि विचारलं, "भाईजान, ब्रेक कुठी हाये?" दोन दिवसांनी त्या नंदीच्या मागच्या चाकाला सायकलचं ब्रेकरबर लागलं होतं. आमच्या माहितीत ब्रेक असलेला हा एकच नंदी.

मुखवट्यांवर त्यांचा राग. स्पायडरमॅनला त्यांनी पारावर उभं केलं.

"मी दिसतो का तुले?"

"दिसता."

"आन मांगून येनारी मोटरसायकल?"

स्पायडरमॅन मागं वळला, त्याबरोबर मुखवटा डोळ्यांवरून सरकला आणि त्याला पारसुद्धा दिसेना. त्याच संध्याकाळी त्याच्या आईनं काजळ आणि कुंकू घेऊन जाळं थेट गालावर काढून दिलं.

मुख्य रस्ता ओलांडायचा नाही, हा सगळ्यात कडक नियम. परतवाड्याकडं जाणारे ट्रक, मेळघाटात चिखलदऱ्याला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या, आणि मधून लाकडी बैल, हे चित्र काकाजींच्या डोळ्यांपुढं वर्षभर येत असतं. त्यात त्यांची पुतणी न्यू जर्सीला असते. ऑक्टोबरच्या 31 तारखेला तिकडं हॅलोवीन असतो. तिथली पोरंही भुताखेताची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात. पुतणीनं एकदा व्हिडिओवर तिची पोरं दाखवता दाखवता सांगून टाकलं की संशोधकांनी तिकडचे 1975 ते 2016 अशा 42 वर्षांचे आकडे तपासले, आणि हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचा गाडीखाली येऊन जीव जायचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा 43 टक्के जास्त निघाला. बिचारीला कल्पना नव्हती आपण कुणाच्या हातात काय देतोय. तेव्हापासून 'त्रेचायीस टक्के' हे काकाजींचं ब्रह्मास्त्र आहे. दिवस बुडायच्या आत घरी का? त्रेचायीस टक्के. काळे कपडे का नको? त्रेचायीस टक्के. एकदा काकूंनी भाजीत मीठ जास्त घातलं तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघालं म्हणतात, पण ते काकू सांगतात, त्यामुळं मी खात्री देणार नाही.

वलगावचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला गाडगेबाबा आठवतात. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीला नेत असताना इथंच, पेढी नदीच्या पुलाजवळ, बाबांनी देह ठेवला. त्यामुळं आमच्या गावात खराट्याला मोठा मान आहे. मान आहे, उपयोग फारसा नाही. काकाजी अपवाद. पोळ्याच्या रात्री काही मोठ्या बैलांनीही आपापला पोळा साजरा केलेला असतो, आणि त्याच्या काचा सकाळी गल्लीत चमकत असतात. तान्ह्या पोळ्याच्या पहाटे काकाजी खराटा घेऊन निघतात. एकटेच. कुणाला हाक मारत नाहीत, फक्त ज्याच्या दारापुढं काचा असतील त्याच्या दारापुढं जरा जास्त वेळ, जरा जास्त आवाज करत झाडतात. आतला माणूस पांघरुणात जागा होतो आणि पडून राहतो.

अर्थात विरोधकही आहेत. आमच्या पिढीत एक वाक्य फार चालतं, "आमच्या वेळी कुठं हे सारं होतं? आमाले काही झालं का?" एका गृहस्थांनी ते पारावर, भरसभेत म्हटलं. काकाजी उठले, त्यांच्याजवळ गेले, खाली बसले आणि त्यांच्या पायजम्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर सरकवला. पोटरीवर जुना, पांढरा वण होता.

"हे काय हाये?"

"कुत्रं चावलं होतं."

"कधी?"

गृहस्थ बोलेनात. काकाजीच म्हणाले, "चौथीत होतास. तान्हा पोया होता. चौदा इंजेक्शनं पोटात टोचवली तुया बापानं तुले नेऊन. इर्विनमदी." अमरावतीच्या इर्विन दवाखान्याचं नाव निघाल्यावर गृहस्थांचा हात आपोआप पोटाकडं गेला. कोणाच्या अंगावर कोणता वण कोणत्या सणाचा, हे काकाजींना तोंडपाठ आहे. त्यांच्याशी वाद घालताना माणसानं फुल पँट घालावी.

सुरक्षेचा जाच एकवेळ सहन होतो. त्यांचा दुसरा ध्यास जास्त खर्चाचा आहे. कुणी राहायला नको. नंदी नाही म्हणून कुणी दारात उभं राहून दुसऱ्यांचे नंदी पाहतंय, हे त्यांना चालत नाही. त्यांच्या गोठ्यात आता जनावर नाही, तिथं 'डेपो' आहे. गावात कुणाचं पोरगं मोठं झालं, नंदी माळ्यावर गेला, की काकाजी तो मागून आणतात. कान तुटलेला, शेपूट गेलेली, तीन पायांचा. हिवाळाभर ते त्यांना ठोकतात, घासतात, रंगवतात. रस्त्याच्या कामावर आलेल्या मजुरांची पालं गावाबाहेर पडली, तर आदल्या दिवशी काकाजी तिथं जाऊन पोरं मोजून येतात आणि डेपोतून तेवढे बैल सोडतात. सगळे परत यावेत असा नियम आहे. सगळे परत येत नाहीत. पालं उठतात तेव्हा एखादा नंदीही गाढवावर बसून निघून जातो. काकाजी वेबिलात त्याच्यापुढं 'लांब पल्ला' असं लिहितात.

एका वर्षी एक पोरगं ट्रॅक्टर घेऊन आलं. प्लास्टिकचा, निळा. म्हणालं, "आमच्या घरी बैल नाई, ट्रॅक्टरच हाये. बाबानं त्याचीच पूजा केली काल." पारावर मोठी चर्चा झाली. जुनी मंडळी म्हणाली, पोळा बैलाचा. पण त्या मंडळींपैकी निम्म्यांच्या दावणीला बैल उरलेला नव्हता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यामुळं आवाजात जोर येईना. काकाजींनी निकाल दिला, "शिंगं बांधा त्याले." बेगडाची शिंगं लावलेला तो ट्रॅक्टर रांगेत नंद्यांच्या मधोमध चालला, आणि बायांनी त्याच्याही पुढच्या चाकांवर पाणी घातलं.

पैशांच्या बाबतीत ते फारच कडक. मोठ्या घरच्या मोठ्या नंदीच्या पोराला शंभराची नोट आणि मागच्या डेपोच्या बैलवाल्याला रुपया, हे त्यांनी एकदा पाहिलं. पुढच्या वर्षी घरोघर जाऊन सांगितलं, "भाडं एकच. लहान नंदी, मोठा नंदी, हाफ तिकीट एकच." कंत्राटदार मंडळींनी तक्रार केली की आम्हाला जास्त द्यायचं असेल तर? काकाजी म्हणाले, "द्या नं. साऱ्यायले द्या." त्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही. पण समान भाड्याला सुटे पैसे लागतात. आणि ज्या माणसानं जन्मभर "सुट्टे द्या" म्हणून प्रवाशांना पिडलं, उरलेले आठ आणे तिकिटाच्या पाठीवर लिहून दिले आणि उतरताना प्रवाशाला ते आठवू नयेत म्हणून खिडकीबाहेर पाहिलं, तो माणूस तान्ह्या पोळ्याच्या सकाळी जुनी चामडी पिशवी खांद्याला लावून घरोघर नाणी वाटत फिरतो. नोट द्या, सुटे घ्या. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी सुटे घेतल्यावर वर हात पुढं केलेलाच ठेवला. म्हणाल्या, "आसेगावच्या तिकिटाचे बारा आने बाकी हायेत तुमच्याकडं." काकाजींनी दिले. वाद घातला नाही, यावरून त्यांनाही ते आठवत असावेत.

आता घागरीची गोष्ट. गल्लीत एक मुलगी आहे, तिला लहानपणापासून मधुमेह. रोज इन्सुलिन घेते. तान्ह्या पोळ्याला ती पिशवीभर चॉकलेटं गोळा करायची आणि घरी येऊन भावाच्या पुढ्यात ओतायची. काकाजींच्या 'सांभाळून' रकान्यात ती होतीच, पण काय करावं हे सुचत नव्हतं. पुन्हा पुतणी धावून आली. अमेरिकेत, ती म्हणाली, ज्या घरी खाऊऐवजी दुसरं काही मिळतं त्या घरापुढं मोरपंखी निळ्या रंगानं रंगवलेला भोपळा ठेवतात. ज्या लेकरांना काही पदार्थ बाधतात त्यांना लांबूनच कळतं की इथं आपल्यासाठीही काहीतरी आहे. टेनेसी राज्यातून निघालेली ही कल्पना 2014 पासून तिकडं देशभर पसरली.

काकाजी खूश. भोपळा कापून भाजी करायची सोडून रंगवायचा, हे काकूंना पटेना, म्हणून अक्षय तृतीयेची मातीची घागर काढली. ती निळी रंगवली. आत पेन्सिली, खोडरबर, चेंडू आणि शिट्ट्या भरल्या. वर फडकं बांधलं. आणि तान्ह्या पोळ्याच्या दुपारी ती उंबऱ्यापुढं ठेवून काकाजी खुर्ची टाकून बसले.

एक पोर आलं नाही.

गल्लीच्या दोन्ही बाजूंनी नंदी येत होते आणि काकाजींच्या घरापाशी आले की पलीकडच्या भिंतीला घासून पुढं जात होते. काल अमावास्या झालेली. आज दारात रंगवलेलं मडकं, त्यावर फडकं. समोरच्या आजी पदर तोंडाला लावून शेजारणीला सांगत होत्या, "कोन्या सटवीनं उतारा टाकला व माय काकाजीच्या दारात, आन बुढा त्याच्याच जवय बसून हाये!" एका आईनं तर लांबूनच पोरावरून मिरच्या ओवाळल्या. अमेरिकेत भुतांच्या सणाला ज्या भोपळ्यानं लेकरांची भीती घालवली, त्याच्या वऱ्हाडी अवतारानं अख्खी गल्ली भुताच्या भीतीनं रिकामी केली. काकाजी ओरडून ओरडून सांगत होते, "अबे, पेन्सिली हायेत!" त्यानं संशय आणखी वाढला.

शेवटी काकू बाहेर आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. घागर उचलली, गल्लीच्या मधोमध नेली आणि उलटी केली. चेंडू उड्या मारत उताराला लागले, त्यामागं पोरं लागली, पोरांमागं नंदी. मधुमेहवाल्या मुलीनं सगळ्यात आधी दोन चेंडू आणि एक शिटी पटकावली. त्या वर्षी भावाला काही मिळालं नाही.

आता त्या शिट्ट्यांचं. गल्लीच्या टोकाला एक स्वमग्न मुलगा राहतो. ढोल, फटाके, कर्णा, काहीच त्याला सोसत नाही. दोन्ही कानांवर हात ठेवून तो दरवर्षी खिडकीतून पोळा बघायचा. त्याच्यासाठी काकाजींनी पहिली फेरी 'बिनाहॉर्नची' ठरवली होती. ढोलवाल्यांना दम भरला होता, घुंगरांना चिंध्या बांधायला लावल्या होत्या. आणि स्वतःच्याच हातानं घागरीत शिट्ट्या भरून मोकळे झाले होते! तो सगळा गलका कानावर आला तसं काकाजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. पोरापोराकडून शिट्ट्या परत घेण्यात त्यांचा सूर्यास्तापर्यंतचा वेळ गेला. बिनाहॉर्नची फेरी मग दिवेलागणीला निघाली, बारा हाफ आणि तीन फुल. कुणी बोलेना. नुसती चाकं कुरकुरत होती. दिवस बुडून गेला होता, म्हणजे काकाजींनी स्वतःचाच नियम मोडला होता, पण त्या वेळी त्रेचाळीस टक्क्यांचं नाव कुणी काढलं नाही. ते पोरगं तिसऱ्या घरापर्यंत आलं, चौथ्या घरी नको म्हणालं, परत गेलं. वेबिलात नोंद आहे : 'तीन टप्पे.' पुढच्या वर्षी पाच झाले.

व्हीलचेअरवर बसणारी एक मुलगी आहे, पाचवीत. तिच्यासाठी काकाजींनी चार फुल तिकिटवाले नेमले होते. दोघं ढकलायला, एक पुढं, एक बाजूला. तिनं खुर्चीलाच शिंगं बांधली, झूल पांघरली आणि ती स्वतःच नंदी झाली. चौघं मागं लागले तशी ती वळून म्हणाली, "मले ढकलू नोका. ब्रेक मी लावतो." काकाजींना ब्रेक म्हटल्यावर बरं वाटलं. त्यांनी चौघांना दुसरी कामं दिली. मारोतीच्या पाराला मात्र तीन पायऱ्या आहेत, आणि तोरण तिथंच बांधायचं ही जुनी रीत. जागा बदलायची म्हटल्यावर म्हाताऱ्यांनी डोळे वटारले. काकाजींनी जागा बदलली नाही. तोरणाची दोरी पारावरून खाली रस्त्यापर्यंत लांबवली, आणि तोरणाखालून जायची सुरुवात खालून केली. म्हातारे पारावर, लेकरं रस्त्यावर, तोरण दोघांच्या डोक्यावर. म्हाताऱ्यांना वाटतं की आपण जिंकलो.

भाद्रपदाची पौर्णिमा आली की भुलाबाई बसतात आणि मुली महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. शेवटी डबा हलवून विचारायचं, खिरापत काय? ओळखेल ती शहाणी. गल्लीतल्या एका मुलीला शेंगदाणा बाधतो हे कळल्यावर काकाजी तिथंही पोचले. म्हणाले, ओळखण्याआधी डब्यात काय काय आहे याची यादी वाचून दाखवा. मुलींनी त्यांना अंगणाबाहेर काढलं. अक्षरशः. एकीनं फाटक लावलं. यादीच वाचली तर ओळखायचं काय, हा मुद्दा काकाजींनाही घरी गेल्यावर पटला. दुसऱ्या दिवशी ते फाटकाबाहेरूनच म्हणाले, "बरं, माह्या कानात सांगा." आता रोज संध्याकाळी ज्या घरी खिरापत असेल तिथली बाई फाटकाशी येऊन काकाजींच्या कानात पदार्थ सांगते. शेंगदाणा असला की ते खोकतात. पलीकडं ती मुलगी खोकला ऐकून हात मागं घेते. या व्यवस्थेत एकच खोट निघाली. काकाजींना खरा खोकला झाला त्या आठवड्यात पोरगी उपाशी राहिली.

परवाच्या तान्ह्या पोळ्याला फेरी संपल्यावर काकाजींनी पारावर मोजणी केली. पुन्हा केली. चष्मा पुसून पुन्हा केली. कुणी कमी नव्हतं. एक जास्त होतं. कंडक्टरला प्रवासी कमी पडले तर चालतात. तिकिटांपेक्षा डोकं जास्त निघालं की त्याचं धाबं दणाणतं, कारण केव्हाही तपासणीवाले चढू शकतात. त्यांनी एकेकाला नाव विचारत शेवटी ते पोरगं काढलं. सात-आठ वर्षांचं, हातात पुठ्ठ्याचा बैल.

"कोनाचा रे तू?"

"चांगापूरचा. मावशीकडं आलो." मग ते शेजारच्या खुर्चीतल्या मुलीला हळूच विचारू लागलं, पण त्याचा हळू आवाज पारापर्यंत ऐकू आला, "हे बाबाजी दुपारपासून काहून ओरडून रायले?"

"ओरडून नाई रायले. मोजून रायले."

"मंग माह्या नंबर किती?"

काकाजींनी वेबिल उघडलं. पान भरलेलं होतं. त्यांनी समासात नाव लिहिलं, पुढं 'हाफ' लिहिलं, आणि पिशवीत हात घालून त्याचा बोजारा शोधू लागले. पिशवीत पन्नासाची एक नोट सोडून काही उरलं नव्हतं.

"सुट्टे हायेत का तुयाजवय?" त्यांनी पोराला विचारलं.